काच, आरसा, टीव्ही, मोबाइल: कशाला काय लावावं

बहुतेक घरांत निळ्या स्प्रेची एकच बाटली असते. खिडकी तिनंच पुसायची, आरसा तिनंच, टीव्ही तिनंच, आणि हाताशी आहे म्हणून चष्मा आणि मोबाइलही तिनंच. खिडकीचं त्यात काही बिघडत नाही. टीव्हीचं बिघडतं, पण लगेच दिसत नाही, म्हणून कुणाचा बाटलीवर संशयही जात नाही. काही महिन्यांनी पडद्यावर ढगाळ पट्टे दिसायला लागतात आणि ते मग कशानंच निघत नाहीत.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी ठरवा. पुसायचं ते नेमकं कशाचं आहे, आणि त्यावर बसलंय ते काय आहे. ही दोन उत्तरं मिळाली की निम्म्या वेळा बाटली लागतच नाही.

पृष्ठभाग ओळखणं

खिडकीची काच, जेवणाच्या टेबलावरची काच, शोकेसची काच ही उघडी काच. साबण, व्हिनेगर, अल्कोहोल, अमोनिया हे सगळं ती सहन करते. तिला भीती मुख्यतः दोन गोष्टींची: चरे पाडणारी कणी आणि फार तीव्र अल्कली, म्हणजे चुना-सिमेंटसारखे पदार्थ.

मोबाइल, टॅब आणि बहुतेक टच लॅपटॉप यांनाही काचच असते, पण तिच्यावर बोटांचं तेल चिकटू नये म्हणून अगदी पातळ लेप दिलेला असतो. रोजच्या वापरानं तो झिजतोच. घासलं की लवकर झिजतो. तुमच्या मोबाइलवर लेप शिल्लक आहे का, हे पाहायचं तर स्क्रीनच्या मधोमध पाण्याचा एक थेंब ठेवा. गोल मण्यासारखा उभा राहिला तर लेप आहे. पसरून चपटा झाला तर गेलाय.

टीव्ही, कॉम्प्युटरचा मॉनिटर आणि साध्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्यांच्या बहुतेक पडद्यांवर काच नसतेच. वरचा थर प्लॅस्टिकच्या फिल्मचा असतो आणि त्यावर प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून बारीक खरखरीत लेप असतो. तिथं अमोनिया, अल्कोहोल, ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, यातलं काहीही लावू नये. ओळखण्याची खूण सोपी आहे. बंद पडद्यात तुमचा चेहरा आरशासारखा स्पष्ट दिसला तर वर बहुधा काच आहे. धूसर सावली दिसली तर प्लॅस्टिक समजा. शंका असेल तर प्लॅस्टिकच धरून चाला. काचेला प्लॅस्टिकसारखं सांभाळलं तर नुकसान काही नाही, उलटं केलं तर आहे.

आधी पाणी

काच पुसून वाळली की पांढुरके पट्टे उठतात आणि दोष स्प्रेला दिला जातो. पुष्कळदा तो दोष पाण्याचा असतो. कोल्हापुरात नळाला येणारं नदीचं, धरणाचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा सहसा हलकं असतं. उपनगरांत आणि अपार्टमेंटमध्ये वापराला पुष्कळदा बोअरचं पाणी असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेलं की काचेवरच राहतात. तुमचं पाणी कसं आहे हे कळायला उपकरण नको. स्वच्छ काचेवर चमचाभर पाणी सांडा, न पुसता वाळू द्या. पांढरी कड राहिली तर त्या पाण्यानं शेवटचा हात मारायचा नाही.

पर्याय बरेच आहेत. आरओचं पाणी खिडक्यांना उत्तम; मात्र त्या मशिनला टीडीएस कंट्रोलर असेल तर त्यात थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा वरचीच चाचणी त्यावरही करून बघा. आरओच्या बाहेर टाकायच्या नळीतलं पाणी मात्र नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. पावसाळा लागला की आपल्याकडे सर्वांत चांगलं पाणी आकाशातूनच येतं. पहिले दोन-चार पाऊस धूळ घेऊन येतात ते जाऊ द्या. मग आषाढात उघड्यावर, पागोळ्यांखाली नव्हे, स्वच्छ बादली ठेवून भरलेलं पाणी गाळून घेतलं तर काचेसाठी त्याच्यासारखं पाणी नाही. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही जवळजवळ क्षारमुक्त असतं, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी त्यातून येते. गाळून खिडक्यांना वापरा, स्क्रीनला नको.

स्क्रीनसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. इथं एक काळजी फार महत्त्वाची: त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं, आणि ते सल्फ्युरिक ॲसिड आहे. कॅनवरचं नाव स्वतः वाचा, सुटं भरून घेऊ नका, आणि घरी आणल्यावर दुसऱ्या बाटलीत ओतलंत तर तिच्यावर चिठ्ठी लावा.

मग फडकं

चांगलं मायक्रोफायबर फडकं घरात असेल तर बाटलीवरचा निम्मा खर्च वाचतो. त्याचे धागे इतके बारीक चिरलेले असतात की तेल आणि धूळ ते उचलून धरतात. सुती फडकं ती नुसती पसरवतं. दोन प्रकार घ्या. केसाळ, जाडसर फडकं पहिल्या ओल्या हाताला, आणि गुळगुळीत सपाट विणीचं, चष्म्याच्या डबीत मिळतं तसं, शेवटच्या कोरड्या हाताला. स्क्रीनची फडकी वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे ओट्यावरचं तेलकट फडकं चुकून टीव्हीवर जाणार नाही.

ती धुताना कपड्यांना सुगंधासाठी घालतो तो सॉफ्टनर घालायचा नाही. त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि पुढच्या वेळी काचेवर उतरतो. टॉवेल, सदऱ्यांबरोबर धुतलं तर त्यांचे सुती धागे फडक्यात अडकतात. कोमट पाणी, थोडं साधं लिक्विड, वेगळं धुणं, सावलीत वाळवणं. फडकं जमिनीवर पडलं तर झटकून परत वापरू नका, धुवायला टाका. एक वाळूचा कण पडद्यावर कायमची रेघ ओढतो.

रद्दीच्या पेपरबद्दल नेहमी विचारलं जातं. उघड्या काचेला पेपर चालतो, धागे सोडत नाही. पण शाई हाताला आणि पांढऱ्या चौकटीला लागते, आणि कागदाचे तंतू प्लॅस्टिकला खरवडतात. खिडकी आणि टेबलापुरता ठीक. टीव्ही, मोबाइल, चष्मा यांना पेपर नको, टिश्यू पेपर नको आणि शर्टाचं टोकही नको.

खिडक्या

नेहमीच्या धुळीसाठी पाच लिटर पाण्यात भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली, एवढंच. जास्त घातल्यानं जास्त स्वच्छ होत नाही. उरलेला साबण वाळून पट्टे पडतात. सकाळी ऊन काचेवर यायच्या आत पुसा. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच वाळतं.

क्रम असा ठेवा:

१. आधी चौकट आणि खालची पट्टी कोरड्या ब्रशनं झाडून घ्या. सरकत्या खिडकीच्या खाचेतली माती ओली झाली की तिचा चिखल काचेवर येतो.
२. साबणाचं पाणी वरून खाली लावा, काच पूर्ण ओली होऊ द्या आणि अर्धा मिनिट थांबा.
३. रबराचा वायपर वरून एका कडेनं ओढा. दर ओढीनंतर त्याची रबरी कड कोरड्या फडक्यानं पुसा. हे टाळलं की रेघा आल्याच.
४. कडेला राहिलेलं पाणी सपाट फडक्यानं टिपा.

आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे. पट्टा राहिला तर तो कुठल्या बाजूचा आहे हे त्याच्या दिशेवरून कळतं आणि दोन्ही बाजू पुन्हा पुसाव्या लागत नाहीत.

गळीत हंगामात मात्र हा क्रम बदलतो. साखर कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची चिपाडं जळून उडणारी काजळी खिडक्यांवर, गच्चीवर, वाळत घातलेल्या धुण्यावर येऊन बसते. दिसायला ती मऊ, बोटानं चुरगळणारी; पण उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, आणि सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. कोरड्या फडक्यानं पुसली तर काळा पट्टा उमटतो आणि बारीक चरे पडतात ते वेगळेच. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावच्या बाजूला फाउंड्रीची, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांची, वाळूमिश्रित धूळ असते, तिलाही हाच नियम. आधी नुसतं पाणी मारून कणी वाहू द्या, नंतर साबण, नंतर हात. पुराचा गाळ काचेवर वाळला असेल, २०१९ आणि २०२१ मध्ये नदीकाठच्या घरांनी हे पाहिलंय, तर तो खरवडू नका. रबरी हातमोजे घाला, मग पुन्हा पुन्हा पाणी ओतून गाळ भिजवून उतरवा, फडकं शेवटी.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसतं ते वेगळं. फोडणीची आणि रश्श्याच्या तेलाची वाफ काचेवर बसते, धूळ धरते आणि दिवसेंदिवस चिकट रोगणासारखी घट्ट होते. इथं निळा स्प्रे पुरत नाही. एक लिटर कडकडीत नव्हे, पण चांगल्या गरम पाण्यात लिक्विडचे दोन छोटे चमचे घाला, फडकं भिजवून पाच मिनिटं काचेवर थापून ठेवा, मग पुसा. फारच जुना थर असेल तर त्याच लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा एक छोटा चमचा, हातात मोजे. ॲल्युमिनियमच्या चौकटीला मात्र सोडा लागू देऊ नका, त्यानं ती काळवंडते. लागलाच तर लगेच साध्या पाण्यानं धुवा. गॅस शेगडीची काच पुसायची असेल तर आधी पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर ती तडकू शकते.

बाथरूमच्या काचेवरचे पांढरे ठिपके हे क्षार असतात. साबण त्यांना काही करत नाही, त्यांना आंबट लागतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५० ग्रॅम एका लिटर पाण्यात विरघळवा. जाड कागदी नॅपकिन त्यात भिजवून काचेवर चिकटवा. नुसतं शिंपडलं तर ओघळून जातं आणि काम करायला वेळच मिळत नाही. १५ ते २० मिनिटांनी काढा, प्लॅस्टिकच्या मऊ घासणीनं गोल फिरवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. पांढरं व्हिनेगरही चालतं, फक्त वास सोसावा लागतो. शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आंबट पडलं की त्यांचा तजेला जातो आणि पांढुरका डाग राहतो. खाली जुनी गोणपाटं किंवा टॉवेल अंथरूनच हे काम करा.

दोनदा करूनही डाग तसाच राहिला तर नख फिरवून बघा. खरखरीत लागलं तर क्षार उरलेत, पुन्हा करा. गुळगुळीत लागलं आणि तरी धूसर दिसलं तर काचच खाल्ली गेलीय. तिला पॉलिशवाला सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच घासायची बारीक पूड, लावून थोडी सुधारू शकतो, घरचा कुठलाही उपाय नाही. बांधकामाचं सिमेंटचं पाणी आणि दिवाळीआधीच्या रंगकामातला चुना काचेवर ओघळला तरी असंच होतं, कारण दोन्ही तीव्र अल्कली आहेत. रंगारी घरात असेपर्यंतच ओघळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यावेत.

आरसा

आरशावर थेट स्प्रे मारू नये, एवढं पाळलं तरी पुरे. द्रव कडेनं मागे उतरतो आणि मागचा चांदीचा थर खातो. आरशाच्या खालच्या कडेला काळे डाग येतात ते बहुधा असेच. फडक्यावर दोन फवारे घ्या, मधून कडेकडे पुसा, आणि कड शेवटी कोरड्या फडक्यानं टिपा. देवघरातल्या तसबिरींचंही तसंच. त्यांच्यावर उदबत्ती-धुपाचा तेलकट धूर असतो, तो अल्कोहोल घेतलेल्या फडक्यानं झटकन निघतो. पण तेव्हा समई-निरांजन विझलेलं हवं, कारण अल्कोहोल पेट घेतं.

खिडकी, आरसा आणि तसबिरींसाठी घरी स्प्रे करायचा तर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल २४० मिली, डिस्टिल्ड वॉटर २४० मिली आणि पांढरं व्हिनेगर १५ मिली. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी आणि शेगडीपासून दूर ठेवा. टीव्ही, मॉनिटर, चष्मा यांना हा स्प्रे नाही.

टीव्ही, मॉनिटर, लॅपटॉप

बंद करा, प्लग काढा, गार होऊ द्या. काळ्या पडद्यावर धूळ आणि बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात, म्हणून बंद करणं सोयीचंही आहे. कोरड्या मऊ फडक्यानं, जोर न देता, वरून खाली धूळ उचला. पुष्कळदा काम इथंच संपतं, आणि संपलं असेल तर थांबा.

ठसे राहिले तर फडक्याचा एक कोपरा डिस्टिल्ड वॉटरनं ओलसर करा. ओलसर म्हणजे पिळल्यावर एक थेंबही पडणार नाही इतकाच. हलक्या हातानं, एका दिशेनं पुसा, दुसऱ्या कोपऱ्यानं लगेच कोरडं करा. तेलकट ठसा हटत नसेल तर एका कप पाण्यात लिक्विडचा एकच थेंब घाला, आणि नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरनं तो साबण काढा. पडदा पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा.

पडद्यावर थेट काहीही फवारायचं नाही. याचं कारण दुरुस्तीच्या दुकानात रोज दिसतं: द्रव ओघळून खालच्या कडेत शिरतो, तिथं पॅनेलला जोडणाऱ्या नाजूक पट्ट्या असतात, त्या गंजतात आणि पडद्यावर उभ्या रेघा येतात. तसं झालं तर बऱ्याचदा पॅनेलच बदलावं लागतं आणि तो खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. अंगठ्यानं दाबून डाग घासणंही तितकंच वाईट.

हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर स्क्रीनवर लावू नका. अल्कोहोल तर त्यात असतंच, शिवाय त्वचेसाठी घातलेलं ग्लिसरीन मागे राहून चिकट धुरकट थर बनतो.

मोबाइल, आणि हळद-कुंकू, गुलाल

मोबाइलला रोज कोरडं सपाट फडकं आणि आठवड्यातून एकदा ओलसर फडकं पुरतं. आजारपणानंतर निर्जंतुक करायचा असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वाइप हलक्या हातानं फिरवा. ॲपलनंही आयफोनसाठी याला मुभा दिलेली आहे, ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र नको म्हटलंय. रोज अल्कोहोल वापरू नका, लेप लवकर जातो. चार्जिंगच्या आणि स्पीकरच्या छिद्रांपासून ओल लांब ठेवा. चऱ्यांवर टूथपेस्ट घासायचा सल्ला फिरत असतो. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते. चरा जात नाही, त्याच्याभोवतीचा लेप जातो.

खंडेनवमीला अवजारांबरोबर कॉम्प्युटर, लॅपटॉप, टीव्हीचीही पूजा होते आणि हळदीकुंकवाची बोटं पडद्यावर टेकतात. ती स्टँडवर किंवा मागच्या बाजूला टेकवावीत, पूजा तितकीच होते. पडद्यावर लागलीच, तर साबण घेऊ नका. हळद अल्कलीत लाल होते, कुंकूही परंपरेनं हळदीला चुना देऊनच करतात; त्यामुळे सोडा किंवा अल्कलीयुक्त साबण लावला की पिवळा डाग लालसर होऊन पसरतो. आधी कोरडी पूड मऊ ब्रशनं झाडा, मग काचेचा मोबाइल असेल तर अल्कोहोलच्या वाइपनं डाग काढा, हळदीचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो. प्लॅस्टिकच्या पडद्यावर अल्कोहोल चालत नाही, तिथं फक्त ओलसर फडकं पुन्हा पुन्हा. फिका पिवळा डाग उरला तर घासत बसू नका. हळदीचा रंग उजेडानं हळूहळू उडतो.

जोतिबाच्या यात्रेहून आलेला मोबाइल गुलालानं माखलेला असतो. पहिली चूक म्हणजे तो ओल्या फडक्यानं पुसणं. भुकटी ओली झाली की तिची लुगदी होऊन स्पीकरच्या जाळीत बसते आणि रंग प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये मुरतो. कव्हर काढा, मोबाइल जाळी खाली करून धरा आणि हलकी टिचकी मारा, कोरड्या मऊ टूथब्रशनं कडा झाडा, आणि भुकटी पूर्ण गेल्यावरच ओल लावा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात.

चष्मा

आजचे बहुतेक चष्मे प्लॅस्टिकचे आणि वर लेप असलेले. नळाच्या धारेखाली धूळ जाऊ द्या, लिक्विडचा एक थेंब बोटांनी दोन्ही बाजूंना लावा, धुवा, सपाट फडक्यानं टिपा. गरम पाणी नको, त्यानं लेपाला बारीक तडे जातात. व्हिनेगर, अमोनिया, ॲसिटोन तर नकोच.

बाटली घ्यायचीच असेल तर

खिडक्यांसाठी कुठलाही नेहमीचा काचेचा स्प्रे चालतो. खिडकीला उन्हाची काळी फिल्म लावली असेल तर मात्र अमोनिया नसलेलाच घ्या. अमोनियानं फिल्म खराब होऊ शकते. लेबलवर अमोनियम हायड्रॉक्साइड लिहिलंय का ते बघा. घटकच लिहिलेले नसतील तर ती बाटली उघड्या काचेपुरतीच ठेवा. दारावर कॅनमधून सुटं विकायला येणारं लिक्विडही तेवढ्यापुरतंच, कारण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

स्क्रीन क्लीनर म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या बाटलीत मुख्यतः शुद्ध पाणीच असतं, कधी थोडा साबणी पदार्थ, कधी अल्कोहोल. अल्कोहोल असेल तर ती टीव्हीला नको. बरोबर चांगलं फडकं मिळत असेल तर घ्या, नाहीतर त्याच पैशात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन येतो.

ब्लीच कशातही मिसळू नका. अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइन, आणि टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा लिंबूसत्वात मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये दोन्ही जिवावर बेततात. चुकून झालं तर बादलीकडे बघत न राहता आधी बाहेर या आणि दार उघडं ठेवा. गंज काढायच्या किंवा गाडीची अलॉय चाकं धुवायच्या काही द्रावणांत फ्लोराइडचं आम्ल असतं, आणि ते काचेलाही खातं. तशी बाटली काच धुवायच्या सामानाबरोबर एका फळीवर ठेवू नका.